खंडणी कोणाला?

येशूला ज्या लाकडावर खिळले त्याला मराठी बायबलने ‘वधस्तंभ’ म्हटले आहे. वसई-गोव्याकडचे कॅथलिक त्यालाच पोर्तुगीज वळणाने ‘खुरीस’ म्हणतात, इतरत्र ‘क्रूस’ रुळला आहे. खुरीस आणि क्रूस ही नुसती नावे आहेत; वधस्तंभ हे मात्र एक मत आहे. आपल्याकडे वध होतो तो कंसाचा, रावणाचा. ‘गांधीवध’ की ‘गांधीहत्या’ या वादात बोलणाऱ्याचा पक्ष शब्दावरूनच कळतो. भाषांतरकारांना देहदंडाचा खांब एवढेच म्हणायचे असणार. पण नकळत हा शब्द पिलाताच्या बाजूला उभा राहून पाहतो.

या मृत्यूचा अर्थ लावताना धर्माधर्मांत जे मतभेद झाले, ते मला दोन प्रश्नांत विभागलेले दिसतात. तो कोणासाठी मेला, हा एक. त्याला कोणी मारले, हा दुसरा.

पहिल्या प्रश्नाचे एक जुने उत्तर मार्कच्या शुभवर्तमानात आहे (१०:४५) आणि मराठीत त्यासाठी ‘खंडणी’ हा शब्द आला आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ गुलाम किंवा युद्धकैदी सोडवून आणण्याची किंमत. मराठी वाचकाला मात्र खंडणी म्हटली की सुरत आठवते आणि तो लगेच विचारतो, घेतली कोणी? हा प्रश्न चर्चच्या आचार्यांनाही पडला होता. चौथ्या शतकातील निस्साच्या ग्रेगरीचे उत्तर, सैतानाने. देह हे आमिष, त्याच्या आत देवत्वाचा गळ. सैतानाने आमिष गिळले आणि अडकला. त्याच्याच स्नेहमंडळातल्या नाझियांझसच्या ग्रेगरीला ही कल्पना लाजिरवाणी वाटली. लुटारूला खंडणी, आणि तीही प्रत्यक्ष देवाच्या रूपात? बरे, पित्याला दिली म्हणावे, तर त्याने आपल्याला कैद केलेच नव्हते. शिवाय ज्याने अब्राहामाकडून इसहाकाचा बळी घेतला नाही, तो स्वतःच्या पुत्राचा कसा घेईल? त्याचे स्वतःचे उत्तर फारसे पटत नाही. पण या साऱ्या परंपरेत इतका सरळ प्रश्न मला दुसरा आढळला नाही.

पुढे घेणारा बदलत गेला. अँसेल्मने १०९८च्या सुमारास पुऱ्या केलेल्या ग्रंथात खंडणीची जागा मानहानीच्या भरपाईने घेतली. अपमान ज्याचा झाला त्याच्या थोरवीवर भरपाईची रक्कम ठरते, हा हिशेब सरंजामी आहे. आबेलारने, हे प्रेम पाहून माणूसच पालटतो, असे म्हटले. कायदा शिकलेल्या कॅल्व्हिनच्या मांडणीत भरपाईची शिक्षा झाली.

‘प्रायश्चित्त’ या शब्दाने आपल्याकडे वेगळीच अडचण केली. प्रायश्चित्त ज्याचे त्याने घ्यायचे असते. अपवाद आहेत: मिताक्षरेने उद्धृत केलेल्या वचनानुसार पाच ते अकरा वर्षांच्या मुलासाठी गुरू किंवा सुहृद प्रायश्चित्त करू शकतो. म्हणजे दुसऱ्याने भोगण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. पण ती अजाण मुलापुरती आहे, जाणत्या माणसाला ती सवलत नाही. राममोहन राय यांची हरकत याच जातीची होती. १८२० साली त्यांनी शुभवर्तमानांतून येशूची नीतिवचने वेगळी काढून छापली; चमत्कार आणि सिद्धांत वगळले. सेरामपूरचे मिशनरी जोशुआ मार्शमन यांनी, प्रायश्चित्ताशिवाय येशू उरतोच कुठे, असा हल्ला चढवला. राममोहनांचे म्हणणे, पश्चात्ताप पुरेसा आहे. निरपराध्याला दुसऱ्याच्या गुन्ह्याची शिक्षा देणे हा न्याय नव्हे. त्यांनी तीन प्रत्युत्तरे लिहिली. तिसरे छापायला बॅप्टिस्ट छापखान्याने नकार दिला, तेव्हा त्यांनी स्वतःचा छापखाना काढला. वादाचा तर्क दोघांचाही भक्कम आहे, पण मार्शमन ज्याला घटना म्हणत होते ते राममोहनांना केवळ तत्त्व वाटत होते, त्यामुळे दोघे समोरासमोर आलेच नाहीत.

इस्लामने प्रश्नच पुसला. कुराणाच्या चौथ्या सुरेतील १५७वी आयत सांगते की त्यांनी त्याला मारले नाही, क्रुसावर चढवले नाही; त्यांना तसे भासवले गेले. भासले म्हणजे काय, यावर भाष्यकार शतकानुशतके झगडले. तबरीने येशूचे रूप दुसऱ्यावर पडल्याच्या कथा नोंदवल्या. १२१०मध्ये निवर्तलेल्या फखरुद्दीन राझीने त्यावर शंका काढली: देव एकाचे रूप दुसऱ्याला देत असेल, तर डोळ्यांनी पाहिलेल्या कशावरच भरवसा उरणार नाही. शंकेला त्याने दिलेली उत्तरे शंकेइतकी तगडी नाहीत. मिर्झा गुलाम अहमद यांनी तिसरी वाट काढली: येशू क्रुसावरून जिवंत उतरला आणि त्याची कबर श्रीनगरला आहे. या नकारामागची भावना मात्र मला मोलाची वाटते. आपल्या प्रेषिताला देव शत्रूच्या हाती असा मरू देणार नाही, हा तो विश्वास आहे.

दुसऱ्या प्रश्नाने मात्र माणसे मेली. मत्तयात (२७:२५) जमाव येशूच्या रक्ताची जबाबदारी स्वतःवर आणि मुलाबाळांवर घेतो. त्या एका वाक्यावर ख्रिस्ती युरोपने सबंध ज्यू जमातीला देवमारू ठरवले. १०९६मध्ये धर्मयुद्धाला निघालेल्या टोळ्यांनी वर्म्स आणि माइन्झ इथल्या ज्यूंच्या कत्तली केल्या. वास्तविक क्रूस ही रोमन शिक्षा होती. येशूच्या बालपणीच्या सुमारास रोमन सुभेदार वारसने सुमारे २००० ज्यू क्रुसावर चढवल्याचे जोसेफस सांगतो. १५६६च्या कॅथलिक प्रश्नोत्तरीने तर स्पष्ट म्हटले होते की या अपराधात ज्यूंपेक्षा पापी ख्रिस्तीच अधिक दोषी आहेत. चांगले वचन होते. व्यासपीठांवरून ते किती ऐकू आले असेल, याची शंका येते. त्या वेळच्या वा आजच्या सर्व ज्यूंवर हा दोष ठेवता येत नाही, हे व्हॅटिकन परिषदेने जाहीर केले ते २८ ऑक्टोबर १९६५ रोजी. तेव्हा आउशवित्झ बंद होऊन वीस वर्षे झाली होती.

ज्यूंनी या मृत्यूचा काही अर्थ लावावा, अशी अपेक्षाच कोणी केली नव्हती. १९३८ साली मार्क शागालने तो लावला. ‘शुभ्र क्रूसारोहण’ हे त्याचे चित्र आज शिकागोच्या कलासंग्रहालयात आहे. त्यात येशूच्या कमरेला ज्यूंची प्रार्थनेची शाल गुंडाळलेली आहे. भोवती जळते सिनेगॉग, लुटलेली घरे, बोटीतून पळणारी माणसे. इथे त्याच्या मरणाने कोणी वाचत नाही. तो पळता न आलेल्यांपैकी एक आहे. सिनेगॉगला आग लावणाऱ्याच्या दंडपट्टीवर शागालने स्वस्तिक काढले होते. पुढे त्यावर त्याने रंग फिरवला.