वाजवणाऱ्याचं नाव

परवा चळवळीतला एक पोरगा घरी आला. मी नुकतीच तबकडी लावली होती. तो दारातच थांबला. ‘काय करी राह्यना मास्तर?’ मी म्हटलं, जॅझ ऐकतोय. बस. त्यानं भिंतीला लावलेल्या तबकड्या पाहिल्या, दोन-तीन कव्हरं उलटीपालटी केली आणि तोंडावर बोलला, ‘वस्तीत पोरांना वह्या नाहीत आणि तुम्ही अमेरिकेची पिपाणी ऐकता. हा पेडर रोडचा षौक आहे. देवळ्यात शोभत नाही.’

पोराचा राग मला आवडला. त्याच्या वयात मीही असंच बोललो असतो. तिथल्या तिथं काही बोललो नाही. चहा पाजला. उत्तर इथं लिहितोय, कारण हा प्रश्न एकट्या माझ्या कपाटाचा नाही.

आधी हिशेब सांगतो. माझ्या जवळपास सगळ्या तबकड्या जुन्या बाजारातल्या आहेत. सहा डिसेंबरला दादरला जायचं, चैत्यभूमीवर रांग लावायची, शिवाजी पार्कवर पुस्तकं घ्यायची आणि सात तारखेला परतीच्या गाडीआधी चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर उकिडवं बसायचं. आमची म्हातारी माणसं रेकॉर्डला तवा म्हणत. ते तवे तिथं जमिनीवर रचलेले असायचे. इंग्रजी धड वाचता येत नव्हतं तेव्हा मी कव्हरवरचा काळा माणूस बघून तवा उचलायचो. पँथरचं नाव आपण ज्यांच्यावरून घेतलं, ती माणसं गातात कशी, वाजवतात कशी, एवढंच कुतूहल होतं.

आता हे संगीत कुणाचं ते बघा. न्यू ऑर्लिन्स शहरातल्या गुलामांच्या पोरा-नातवांनी ते उभं केलं. हाती पितळी बँडची वाद्यं. मयताबरोबर जायचं ते संथ सुरात, पुरून परत यायचं ते नाचत. त्यांच्यातला बडी बोल्डन हा कोर्नेटवाला. त्याचा सूर लांबवर ऐकू जायचा, अशा गोष्टी सांगतात. 1907 साली त्याला वेड्यांच्या इस्पितळात टाकलं, 1931 साली तो तिथंच मेला. आज त्याच्या बँडचा एक फोटो आहे. आवाज नाही. आणि जॅझची पहिली तबकडी 1917 साली निघाली ती कुणाची? ओरिजिनल डिक्सिलँड जॅस बँडची. पाचही वाजवणारे गोरे. नावात ‘ओरिजिनल’! किंग ऑलिव्हरचा काळा बँड, त्यात तरणाबांड लुई आर्मस्ट्राँग, यांची तबकडी निघायला 1923 उजाडलं.

बाबासाहेब 1913 ते 1916 कोलंबिया विद्यापीठात होते. हार्लेम तिथून हाकेच्या अंतरावर. म्हणून त्यांनी जॅझ ऐकलं असं मी म्हणणार नाही. आपल्याला खोट्या जोडाजोडीची गरज नाही. 1946 साली त्यांनी ड्यू बॉइसना पत्र लिहिलं, ते पुरेसं आहे.

आता तीन तबकड्या सांगतो. ऐकायला मिळाल्या तर ऐका, आज मोबाइलवर फुकट मिळतात.

पहिली मॅक्स रोचची, ‘वी इन्सिस्ट!’, 1960 ची. कव्हर बघूनच मी घेतली होती. हॉटेलच्या काउंटरवर तीन काळी माणसं बसलीत आणि पलीकडून गोरा नोकर आपल्याकडं बघतोय. त्याच वर्षी 1 फेब्रुवारीला ग्रीन्सबरो गावात चार काळे विद्यार्थी गोऱ्यांच्या काउंटरवर जाऊन बसले होते, उठले नाहीत. नाशकात आपली माणसं 2 मार्च 1930 ला काळारामाच्या दारात बसली, ती तीस वर्षं आधी. ज्यानं आपल्या भागातल्या हॉटेलात वेगळ्या कपबशीतून चहा प्यायलाय, त्याला हे कव्हर कुणी समजावून सांगायला नको. आत पहिलंच गाणं गुलामांच्या मुकादमावर आहे. पाच मात्रांचा ठेका, आणि पहिल्या मात्रेवर चाबकासारखा फटका. ॲबी लिंकन गाते. कोलमन हॉकिन्स हा बुजुर्ग सॅक्सोफोन वाजवतो. एका जागी त्याचा सूर फाटतो. तो त्यांनी तसाच ठेवला. पुढं एका तुकड्यात फक्त तिचा आवाज आणि रोचचे ड्रम आहेत. शब्द नाहीत. मधेच ती किंचाळायला लागते आणि थांबत नाही. आमच्या घरी पहिल्यांदा लागलं तेव्हा शेजारची बाई धावत आली, काय झालं म्हणून. मी म्हणतो, हीच खरी समीक्षा. सौंदर्यशास्त्रवाल्यांना विचारा, या किंचाळीचं काय करायचं?

दुसरी चार्ल्स मिंगसची. लिटल रॉक गावात 1957 साली काळी पोरं शाळेत जाऊ नयेत म्हणून गव्हर्नर फॉबसनं सैनिक उभे केले. मिंगसनं त्याच्यावर गाणं बांधलं. 1959 साली कोलंबिया कंपनीच्या तबकडीवर ते निघालं, पण नुसती वाद्यं, शब्द नाहीत. 1960 साली कँडिड या छोट्या कंपनीनं शब्दांसकट रेकॉर्ड केलं. दोन्ही ऐका. चाल तीच. पण दुसऱ्यात मिंगस प्रश्न टाकतो आणि त्याचा ड्रमवाला डॅनी रिचमंड नावं घेऊन उत्तर देतो. आपल्या जलशात शाहीर आणि झीलकरी असतात ना, अगदी तसं. संग्राहकाचा नाद कशाला, याचं उत्तर इथं आहे. एकच तबकडी ऐकणाऱ्याला वाटेल, काय मजेदार चाल आहे! तोंड कुठं बंद होतं आणि कुठं उघडलं, हे दोन्ही जवळ असल्याशिवाय कळत नाही.

तिसरी जॉन कोल्ट्रेनची ‘अलाबामा’. 15 सप्टेंबर 1963 ला बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बॉम्ब ठेवून चार काळ्या पोरी मारल्या. 18 नोव्हेंबरला कोल्ट्रेननं हे वाजवलं. खाली पियानोची नुसती घरघर आणि वर सॅक्सोफोन. मयताच्या घरी जाणता माणूस सावकाश बोलतो तसा. ताल मधेच धरतात, मधेच सोडून देतात. शेवटी एल्विन जोन्सचे ड्रम आतून उसळतात. संपतं. खैरलांजीत 29 सप्टेंबर 2006 ला भोतमांगे घरातली चार माणसं मारली, तेव्हा मी हे सलग आठवडाभर ऐकलं. रडू आलं नाही. बोलता येईना, तेव्हा याचा आधार झाला. घोषणा मला तेव्हा पुरत नव्हत्या.

आता या तिसऱ्या तबकडीचं कव्हर उलटं करा. तिचं नाव ‘लाइव्ह ॲट बर्डलँड’, म्हणजे बर्डलँड क्लबात प्रेक्षकांसमोर वाजवलेली. पण ‘अलाबामा’ तिथं वाजवलेलंच नाही, ते न्यू जर्सीतल्या स्टुडिओतलं आहे. हे आपल्याला कळतं कसं? कुणीतरी लिहून ठेवलं म्हणून. तारीख, जागा, पियानोवर मॅकॉय टायनर, बासवर जिमी गॅरिसन, ड्रमवर एल्विन जोन्स. आणि त्या कव्हरवरचा मजकूर लिहिलाय लेरॉय जोन्सनं. काळा कवी. याच माणसानं 1963 साली ‘ब्लूज पीपल’ लिहिलं आणि त्याच वर्षी लेख लिहून विचारलं, की जॅझ वाजवणारे बहुतेक काळे आणि जॅझवर लिहिणारे बहुतेक गोरे, हे काय आहे?

मित्रांनो, हा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. आपल्या कवितेच्या पाठीवर मजकूर कुणी लिहिला? तिच्यात आक्रोश फार आहे, कला कमी आहे, हे कुणी ठरवलं? जनार्दन वाघमाऱ्यांनी 1978 साली अमेरिकन निग्रो साहित्यावर पुस्तक लिहिलं, ते आपण वाचलं, त्यावर भाषणं केली. काळ्यांचं साहित्य घेतलं. पण त्यांची एक सवय घ्यायची राहिली. ती सवय म्हणजे याद्या करायची.

जॅझच्या याद्या सुरुवातीला विद्यापीठानं केल्या नाहीत, शौकिनांनी केल्या. शार्ल दलोने या फ्रेंच माणसानं 1936 साली पॅरिसात पुस्तक काढलं. कुठली तबकडी, कुणाची, कोण काय वाजवतं, एवढंच त्यात. पुढं तबकड्या नव्यानं निघायला लागल्या, ज्याला रीइश्यू म्हणतात, तेव्हा या याद्या कामाला आल्या. मोठ्या खोक्यांतून संच निघतात, सोबत पुस्तिका, त्यात ट्रँगल वाजवणाऱ्याचंही नाव. 2018 साली कोल्ट्रेनची 1963 ची एक अख्खी तबकडी पहिल्यांदाच बाहेर आली. टेप कुठं सापडली? त्याच्या पहिल्या बायकोच्या, नाइमाच्या घरच्यांकडं. पंचावन्न वर्षं घरात सांभाळलेली.

या शौकिनांत एक घाण आहे तीही सांगतो. ‘मूळ प्रत’ हवी, पहिल्या छपाईचीच हवी, नंतरची हाताळायची नाही, असा एक वर्ग आहे. हजारो मोजतात आणि सुई लावत नाहीत. मला हे सोवळं वाटतं. रीइश्यू हा सार्वजनिक पाणवठा आहे, कुणीही यावं, प्यावं. मी रीइश्यूच्या बाजूचा माणूस. माझी ‘वी इन्सिस्ट!’ नंतरच्या छपाईचीच आहे आणि किंचाळी तेवढीच ऐकू येते.

आता आपल्या घरात या. आपला नाशिक जिल्हा जलशांचा. भीमराव कर्डकांनी जलसा उभा केला, 1978 साली त्यावर पुस्तक लिहिलं, म्हणून निदान कागद आहे. काळारामाच्या लढ्यातल्या जलशाचा आवाज असलेला तवा मात्र माझ्या हाती कधी आला नाही. वामनदादा सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. त्यांची गाणी शेकडो गायकांनी गायली. माझ्याकडच्या किती कॅसेटींवर वामनदादांचं नावच नाही! तरी गाणं त्यांचं आहे हे कळतं, कारण शेवटच्या कडव्यात ते ‘वामन’ गुंफून ठेवतात. ही जुनी शाहिरी रीत. कंपनी नाव छापणार नाही, गाणारा सांगणार नाही, हे जणू त्यांना माहीत होतं. गाण्याच्या पोटातच कव्हरची पाठ लपवली.

पण ढोलकीवाल्यानं काय करावं? त्याला शेवटचं कडवं नसतं. विलास घोगरेंचा आवाज आनंद पटवर्धनांच्या 1985 च्या ‘हमारा शहर’मध्ये राहिला. रमाबाई नगरात 11 जुलै 1997 ला गोळीबार झाला, दहा माणसं गेली, चार दिवसांनी घोगरेंनी जीव दिला. 2011 च्या ‘जय भीम कॉम्रेड’नं तो आवाज पुन्हा ऐकवला. कॅमेरा होता म्हणून राहिला. ज्यांच्यासमोर कॅमेरा नव्हता ते किती?

आता माझंच सांगतो. माझा चुलता लग्नाच्या बँडात क्लॅरोनेट वाजवायचा. धर्मांतरानंतर वस्तीनं ठरवलं, गावकीचं वाजवणं बंद. बरोबरच ठरवलं. त्यानंही डफ सोडला. पण क्लॅरोनेट धरलं. माझा बाप त्याच्याशी बोलायचा नाही. चुलता म्हणायचा, ‘हे बलुतं नाही, रोख पैसा आहे. ठरवून जातो, मोजून घेतो.’ तरी वरातीत मांडवाबाहेरच उभं राहायचं, जेवण मागाहून, हेही मी बघितलंय. दोघंही खरे होते. बापाचा नकार खरा आणि चुलत्याचा सूरही खरा. ज्या वाद्यावर अपमान लादला त्याच वाद्यातून माणूस बोलला, ही गोष्ट जॅझ ऐकेपर्यंत मला कळली नाही.

चुलता ‘अलबेला’ची गाणी वाजवायचा. तंबूतल्या सिनेमात बसून उचललेली. सिनेमा 1951 चा, संगीत पुणतांब्याचे सी. रामचंद्र, आणि ट्रम्पेटवर गोव्याचा चिक चॉकलेट, जो मुंबईच्या हॉटेलांतून जॅझ वाजवायचा. पडद्यावरही तो बँडसह दिसतो. त्याचं खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ, हे मला म्हातारपणी कळलं. तेव्हा दोस्ता, जॅझ देवळ्यात पेडर रोडवरून आलं नाही. ते तंबूतून आलं आणि माझ्या चुलत्याच्या फुंकरीतून निघालं. त्याला जॅझ हा शब्दही माहीत नव्हता.

1986 साली मी एका लग्नात त्याचं वाजवणं कॅसेटवर घेतलं. अर्धा तास. त्यात एका जागी त्याचाही सूर फाटला होता. दोन वर्षांनी रेडिओवर काहीतरी लागलं, कोरी कॅसेट हाताशी नव्हती, मी त्याच कॅसेटवर ते उतरवून घेतलं. काय लागलं होतं तेही आज आठवत नाही. चुलता 1991 साली गेला. हा दोष कुठल्या ब्राह्मणाचा नाही, कुठल्या कंपनीचा नाही. माझा आहे. आपल्या माणसाचा आवाज पुसण्याजोगा आहे, हे मलाच वाटत होतं.

म्हणून पोरांनो, तबकड्या घेऊ नका, पैसा वहीला घाला. पण एक वही यादीसाठी ठेवा. येत्या चौदा एप्रिलला वस्तीत जो कार्यक्रम होईल त्याची तारीख, जागा, गाणं, कवी, गाणारा, पेटीवर कोण, ढोलकीवर कोण, झील कुणी धरली, सगळं लिहा. मोबाइलवर चढवाल तेव्हा ही नावं खाली टाका. घरात जुन्या कॅसेटी असतील तर आधी आईला, आजीला विचारा, कुणाचा आवाज आहे. बुरशी लागली असली तरी फेकू नका. आणि याद्या या अंकाकडं पाठवा.

माझ्या चुलत्याचं नाव मी मुद्दाम इथं घातलं नाही. पुढल्या अंकात यादी छापू, तेव्हा तुम्ही पाठवलेल्या नावांबरोबर एका ओळीत येऊ द्या. क्लॅरोनेट, देवळा, 1986. ध्वनिमुद्रण: पुसलं गेलं.

जय भीम.