महिपतींची लेखणी का थांबली नाही

सप्ताहात, दिंडीच्या मुक्कामी एक तक्रार नेहमी कानी येते. "बुवा, आमच्या गावच्या सत्पुरुषाचे चरित्र लिहायला घेतले होते. चार पाने झाली, पुढे उमेदच राहिली नाही." वही कोनाड्यात पडून राहते. ज्यांना आठवत होते ती म्हातारी माणसे एकेक करून जातात आणि त्या सत्पुरुषाचे नाव पुण्यतिथीच्या फलकापुरते उरते. ही हानी पुन्हा भरून येत नाही. म्हणून आपल्याच जिल्ह्यातील एका थोर चरित्रकाराचे ग्रंथ या दृष्टीने पाहू.

राहुरी तालुक्यातील ताहाराबादचे महिपतिबाबा (१७१५–१७९०) हे गावचे कुलकर्णी. परंपरा सांगते की, पूजेतून उठवून त्यांना जहागीरदाराच्या कामासाठी नेले. ते काम त्यांनी पुरे केले आणि ही लेखणी यापुढे चाकरीसाठी धरणार नाही, असा नेम केला. 'भक्तविजय' पूर्ण झाला १७६२ साली. पानिपतचा घाव बसून जेमतेम वर्ष झाले होते आणि बाबा सत्तेचाळीस वर्षांचे होते. ५७ अध्यायांच्या या ग्रंथावर ते थांबले नाहीत. पुढे 'भक्तलीलामृत' आले, १७७४ साली, ५१ अध्यायांचे. छापखाना नव्हता. कोणी नक्कल करून घेईल तेवढाच ग्रंथाचा प्रसार.

महिपतींवर आक्षेप घेतले जातात. ओवी साधी, चमत्कार फार, कालक्रमाची खात्री नाही. हे आक्षेप खोटे नाहीत. पण आमच्या काष्टीच्या जनावरांच्या बाजारात बैल घेणारा शेतकरी शिंगांच्या रंगाला भुलत नाही, चार पावले चालवून पाहतो. महिपतींची ओवी तशी चालवून पाहावी. ती थकत नाही. का थकत नाही, याची खूण ग्रंथातच आहे.

'भक्तविजया'च्या आरंभीच ते आपला आधार सांगतात. उत्तरेकडचे नाभाजी आणि आपल्याकडचे उद्धवचिद्घन यांच्या ग्रंथांवरून आपण लिहीत आहोत, असे ते मोकळेपणाने मान्य करतात. जो लेखक सगळे आपल्याच पोटातून काढू पाहतो, त्याची विहीर लवकर आटते. महिपतींनी स्वतःला पाटकऱ्याच्या जागी ठेवले. पाणी दुसऱ्याचे, आपले काम ते शेतापर्यंत नेण्याचे. त्यामुळे आज काही सुचत नाही, ही अडचण त्यांना फारशी आलीच नसावी.

दुसरी खूण श्रोत्याची. त्यांच्या ओव्यांत श्रोत्यांना पदोपदी हाक आहे. कथेला कोठे ताण द्यावा, कोठे विसावा द्यावा, हे कीर्तनात उभे राहिलेल्यालाच कळते. मी ही आख्याने अनेक वर्षे कीर्तनात लावली. त्यांत दुरुस्ती करावी लागत नाही, ती कानासाठीच बांधलेली आहेत. समोर कोणी ऐकायला बसले आहे, हे ठाऊक असलेला माणूस मध्येच उठून जात नाही.

मात्र दोषही याच गुणातून आला आहे. श्रोता संकटनिवारणाची वाट पाहतो, म्हणून देव लवकर धावून येतो आणि संताची आतली तळमळ थोडक्यात आटोपते. पुष्कळ चरित्रे एकमेकांसारखी वाटू लागतात. पण महिपती तिथेच राहिले नाहीत. तुकोबांचे चरित्र 'भक्तविजया'त एकदा सांगून झाले होते. 'भक्तलीलामृता'त त्यांनी ते पुन्हा घेतले आणि सोळा अध्याय, पंचविसाव्यापासून चाळिसाव्यापर्यंत, त्याला दिले. नाथांना त्याआधीचे बारा. एकदा लिहिलेले पुरेसे नाही असे वाटून पुन्हा त्याच संताच्या दारी जाणे, हे प्रसिद्धीसाठी लिहिणाऱ्याला जमत नाही. त्याला रोज नवा विषय लागतो.

मला आणखी एक वाटते. कुलकर्ण्याला दप्तर लिहावेच लागते, मन लागो न लागो. बाबांनी चाकरी सोडली, पण ती सवय सोडली नसावी. फक्त धनी बदलला. आपणा वारकऱ्यांना हे समजावून सांगावे लागू नये. आषाढ जवळ आला की यंदा उमेद आहे का, असे कोणी स्वतःला विचारत नाही. पाय निघतात, आणि दोन मुक्काम झाल्यावर उमेद मागून येऊन गाठते. लिहिण्याला मात्र आपण आधी उमेद मागतो.

ज्याच्या कोनाड्यात अशी वही आहे, त्याने दर एकादशीला एकच प्रसंग लिहावा. कोणाकडून ऐकला, त्याचे नाव द्यावे, आणि द्वादशीला तो घरात कोणाला तरी वाचून दाखवावा. वर्षाकाठी चोवीस प्रसंग होतात. भाषा साधी असली तरी चालेल, महिपतींचीही साधीच होती.

त्यांचा 'संतविजय' अपुरा राहिला. पण जेवढा लिहून ठेवला, तेवढा आपल्या हाती आला.

रामकृष्ण हरी.