आप्पांना कुणी विचारलं?

प्रतापगडात यायचं आणि नाटकावर बोलायचं नाही, हे झाडीपट्टीत शोभत नाही. दिवाळी सरली की इकडे रात्ररात्र नाटकं चालतात. पोरानं बापाला घराबाहेर काढलं की मंडपात पदर डोळ्यांना लागतात. आमचेही डोळे भरलेत, खोटं कशाला बोला!

शिरवाडकरांच्या १९७० सालच्या ‘नटसम्राट’लाही लोक कृतघ्न मुलांचं नाटक म्हणतात. आम्हाला ते अर्धंच पटतं. आप्पा बेलवलकर सगळी मिळकत मुलांना वाटून मोकळे होतात. मग मुलाकडे राहतात, मग मुलीकडे. मुलं राक्षस नाहीत. छप्पर आहे, जेवण आहे. पण आप्पांना विचारून त्या घरात काही होत नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ सांगतं, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता अट मोडल्यास परत मागता येते. आप्पांनी अटच घातली नव्हती!

न विचारण्याची चूक आम्हीही केली. आईसाठी वृद्धनिवास बघायला गेलो, तेव्हा अनामत, लिफ्ट, पथ्याचं जेवण, रात्रीची नर्स, सगळं आम्हीच विचारलं. तत्त्वज्ञानाचे डॉक्टर ना आम्ही! निघताना आई म्हणाली, “खोलीला आतून कडी आहे का?”

नव्हती. कुणी आत पडलं तर दार तोडायचं का, असं व्यवस्थापक म्हणाले. त्यांचंही खरं होतं.

“मग दार वाजवून येणार का, ते विचार,” आई म्हणाली.

पुढच्या ठिकाणी आम्ही बाहेर बाकावर बसलो. आई एकटी आत गेली.