मसाया : सुरांतून उलगडणारी इंग्रजी

‘एक्झॉल्टेड’, ‘डिस्पाइझ्ड’, ‘इनिक्विटी’ असले भारदस्त इंग्रजी शब्द याद्या करून पाठ होतात, पण परीक्षेपुरतेच. अर्थ कळलेला असतो, वजन कळलेले नसते. ते कानाने जोखायचे असेल तर जॉर्ज फ्रेडरिक हँडेलची ‘मसाया’ ही ओरेटोरिओ समोर संहिता ठेवून ऐकावी. ओरेटोरिओ म्हणजे वेशभूषा आणि नेपथ्याविना, एकल गायक, कोरस आणि वाद्यवृंद यांनी सादर करायचे गायन. त्यात नाटक घडते ते शब्द आणि सूर यांच्यातच.

हँडेल जन्माने इंग्रज नव्हता. १६८५ साली जर्मनीतल्या हाले गावी त्याचा जन्म झाला. इटालियन ऑपेराची तालीम त्याला इटलीत मिळाली. १७१० च्या अखेरीस तो लंडनला आला तेव्हा तिथल्या श्रीमंत रसिकांनाही इटालियन ऑपेराचेच वेड होते, त्यामुळे १७११ च्या ‘रिनाल्डो’ने त्याला नाव मिळवून दिले तेही इटालियनमधून. १७२७ मध्ये तो कायद्याने ब्रिटिश झाला. पुढे ऑपेराचा धंदा बसत गेला आणि तो इंग्रजी ओरेटोरिओकडे वळला. १७४१ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अवघ्या २४ दिवसांत त्याने ‘मसाया’ लिहून काढली. चार्ल्स जेनेन्सने तिचे शब्द प्रामुख्याने १६११ च्या इंग्रजी बायबलमधून वेचले होते. ही इंग्रजी त्या काळीही जुनी आणि घनदाट होती. जन्मापासून भाषा बोलणारा माणूस अशा वाक्यांवरून सहज पुढे जातो. उशिरा शिकलेला प्रत्येक शब्दापाशी थांबतो. हँडेल थांबतो, असे मला वाटते.

सुरुवातीचेच टेनरचे गीत घ्या. देवासाठी वाट तयार होते आहे, दऱ्या वर येणार आहेत, अशी यशया संदेष्ट्याची वाणी. ‘एक्झॉल्टेड’ या शब्दातला मधला स्वर धरून गायक अशी लांबलचक तान घेतो की शब्दाचे पाय जमिनीला लागतच नाहीत. ‘क्रुकेड’ येतो तेव्हा सूर दोन शेजारच्या स्वरांमध्ये डुगडुगत राहतो आणि पाठोपाठ ‘स्ट्रेट’ आला की सावरतो. ‘प्लेन’ म्हणजे साधा, एवढेच आपल्याला ठाऊक. इथे हँडेल त्यावर एकच स्वर लांबवून ठेवतो आणि शब्दाचा ‘सपाट’ हा अर्थ आपोआप कानात उतरतो. शब्दाचे असे चित्र सुरांत काढण्याची रीत युरोपात जुनीच होती. हँडेलचे वैशिष्ट्य असे की चित्र काढतानाही गाण्याचा ओघ कुठे तुटत नाही.

याच्या उलट जागाही आहेत. बाळ जन्मल्याची वार्ता सांगणारा प्रसिद्ध कोरस ‘फॉर’ या क्षुल्लक शब्दाला नको इतके वजन देतो. कारण ती चाल मूळची इंग्रजी नाहीच. १७४१ च्याच जुलैमध्ये हँडेलने एक इटालियन द्वंद्वगीत रचले होते, ते ‘नो’ या ठसठशीत नकाराने सुरू होते. ‘नो’ची जागा ‘फॉर’ने घेतली, आघात मात्र तिथेच राहिला.

त्याच द्वंद्वगीताचा शेवटचा भाग माणसांना मेंढरांची उपमा देणाऱ्या कोरसमध्ये आला आहे, आणि इथे मात्र उसनी चाल शब्दाला अचूक बसते. ‘अस्ट्रे’, म्हणजे भरकटलेले, या शब्दावर आवाज एकमेकांपासून फाकत वाट फुटेल तिकडे पळतात. सगळे कसे मजेत चालले आहे. पण शेवटी हँडेल उसनवारी थांबवतो. लय एकदम संथ होते, उजळ मेजर स्वरपट्टी मायनरमध्ये उतरते, आणि तिथे ‘इनिक्विटी’ हा शब्द येतो. शब्दकोश त्याला घोर पाप, अन्याय म्हणेल. इथे मात्र त्याआधीच्या उड्यांचा हिशेब या एका शब्दात चुकता होतो. हा भाग हँडेलने नव्याने लिहिला, यातच त्याने त्या शब्दाला दिलेली किंमत कळते.

‘डिस्पाइझ्ड’चे गीत आल्टो आवाजाचे आहे. शब्द तुटक येतात. मधल्या विरामांत व्हायोलिनचे उसासे भरतात. १३ एप्रिल १७४२ रोजी डब्लिनच्या पहिल्या प्रयोगात हे गीत सुझॅना सिबरने गायले. काही वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याने तिच्या प्रियकरावर खटला भरला होता आणि तिच्या खासगी आयुष्याची लक्तरे लंडनमध्ये वेशीवर टांगली गेली होती. तिरस्कृत, अव्हेरलेला माणूस कसा असतो, हे त्या श्रोत्यांना वेगळे सांगावे लागले नसेल.

तिसऱ्या भागाच्या आरंभी सोप्रानो ‘रिडीमर’विषयी गाते. वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या हँडेलच्या स्मारकशिल्पात त्याच्यापुढे स्वरलेखनाचा जो कागद कोरला आहे, तो याच गीताचा. आज ‘रिडीम’ हा शब्द आपल्याला कूपन आणि पॉइंट्समुळे ओळखीचा आहे. पैसे भरून गहाण सोडवावे तसे माणसाला सोडवणे, हा त्याचा जुना व्यवहार; आत्म्याचा उद्धार हा त्याचाच विस्तार. डब्लिनचा तो प्रयोग धर्मादाय होता. सुमारे ४०० पौंड जमले, ते दोन रुग्णालये आणि तुरुंगात खितपत पडलेले कर्जदार यांच्यासाठी वाटले गेले, आणि देणी भागवून १४२ कैदी सुटले. ‘रिडीम’चा अर्थ त्यांना कोणत्याही शब्दकोशात शोधावा लागला नाही.