अर्धे टिळक

घोड नदीच्या काठी, इनामगावात बसून मी लिथुआनियाचं नाव घेतलं, तर तुम्हाला नवल वाटेल. पण बघा: तिथला रोमँटिक कवी आणि धर्मगुरू मायरोनिस १८६२ चा, आपले रेव्हरंड नारायण वामन टिळक १८६१ चे. १८९५ साली मायरोनिसचा ‘वसंताचे स्वर’ हा संग्रह निघाला; त्याच वर्षी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

रशियन सत्तेची लॅटिन लिपीतल्या लिथुआनियन छपाईवर बंदी होती, म्हणून मायरोनिसचं पुस्तक सीमेपलीकडे प्रशियात छापावं लागलं. पण त्याचे वाचक आणि त्याचे भाविक एकाच समाजातले. टिळकांचं उलट झालं. छपाईला आडकाठी नव्हती, माणसं मात्र दुरावली. लक्ष्मीबाईसुद्धा काही वर्षं वेगळ्या राहिल्या. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यांना ते ठाऊक आहे.

आता माझा मुद्दा. आपण टिळकांची वाटणी करून टाकली. फुलामुलांचे कवी शाळेला दिले, भजनं चर्चला. मीही तत्त्वज्ञानाच्या वर्गात भक्तीवर वर्षानुवर्षं बोललो, पण ‘अभंगांजली’चं नाव कधी काढलं नाही. ही माझी चूक.

कारण ही वाटणी टिकत नाही. ‘केवढे हे क्रौर्य’मध्ये घायाळ पक्षिणीकडे बघणारी जी नजर आहे, तीच त्यांच्या भजनांत येशूच्या वेदनेकडे बघते. आणि भजनाला त्यांनी विलायती चाल नाही, अभंग आणि कीर्तन निवडलं. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. देहू काही इथून फार लांब नाही!

म्हणजे सगळं सारखंच उतरलंय असं नाही. ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या हातून अपुरं राहिलं, ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं. त्यात कथा सांगायची जबाबदारी कवितेवर पुष्कळदा भारी पडते. अभंगांत तसं होत नाही. तिथे टिळक कुणाला पटवायला जात नाहीत, स्वतःच मागणं मागतात.

१९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले, न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. १९१९ मध्ये ते गेले. दरबार फार चालला नाही. पण वाचक म्हणून आपण तो पुन्हा भरवू शकतो. फुलांची कविता आणि अभंग एकाच बैठकीत वाचा. एवढंच मागणं.