समिती पालकांची, तिजोरी कोणाची?

शाळा कोणाची, हा प्रश्न आपल्याकडे भावनेने विचारला जातो आणि भावनेवरच सोडून दिला जातो. ‘गावची शाळा’, ‘आपली शाळा’ हे शब्द प्रत्येक भाषणात येतात. मला हा प्रश्न हिशेबाच्या अंगाने विचारायचा आहे. शाळेला पैसा कोण देतो? तो कोणाच्या सहीने खर्च होतो? मास्तर कोण नेमतो? आणि ज्याचे मूल त्या शाळेत बसते त्या माणसाला या तिन्ही ठिकाणी काही जागा आहे काय? मी त्यासाठी चिखलीचे उदाहरण घेतो.

इंद्रायणीकाठचे हे गाव १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेले. तोवर गावच्या प्राथमिक शिक्षणाचा कारभार पुणे जिल्हा परिषदेकडे होता. आज नदी ओलांडली की मोई, निघोजे, कुरुळी ही खेड तालुक्यातील गावे लागतात. तेथील शाळा अजूनही जिल्हा परिषदेच्या. दोन्ही काठांवर पुस्तक बालभारतीचेच, पण चालक वेगळे आणि पैशाच्या वाटाही वेगळ्या. जिल्हा परिषदेच्या मास्तराचा पगार मुख्यतः राज्याच्या तिजोरीतून येतो. महापालिकेच्या शाळांचा बराच भार महापालिकेला स्वतःच्या उत्पन्नातून उचलावा लागतो. चाकणच्या कारखान्यात राबणारे कुटुंब भाड्याची खोली बदलून मोईहून चिखलीत आले, की त्यांच्या मुलाचे शिक्षण एका सत्तेकडून दुसऱ्या सत्तेकडे जाते. बापाला हे कोणी सांगत नाही. तक्रार करायची तर कोणत्या दाराशी, हेही त्याला ठाऊक नसते.

आता पैशाकडे वळू. या नगराची श्रीमंती कारखान्यांच्या जकातीवर उभी राहिली. २०१३ मध्ये जकात गेली, स्थानिक संस्था कर आला. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई राज्याकडून मिळू लागली. म्हणजे उत्पन्नाचा मोठा स्रोत नगराच्या हातून सुटून राज्याच्या हाती गेला. दुसरीकडे मालमत्ता कराच्या बिलात राज्याचा शिक्षण कर असतो. १९६२ च्या कायद्याने बसवलेला हा कर महापालिका गोळा करते आणि राज्याच्या तिजोरीत भरते. घरमालक तो भाड्यात धरतो, म्हणजे पत्र्याच्या खोलीत राहणारा कामगारही शिक्षणासाठी कर देतच असतो. परंतु त्याच्या पैशातून त्याच्या वस्तीच्या शाळेला किती आले, हे त्याला विचारता येत नाही. रयतेच्या कष्टातून आलेला पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, ही तक्रार जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडली होती. त्या तक्रारीचा रोख करदात्याच्या या अज्ञानाकडेही होता, असे मी मानतो.

यावर सुशिक्षित मित्रांचे एक उत्तर ठरलेले असते : शाळा लोकांच्या जवळ आणा, कारभार स्थानिक करा, सगळे सुधारेल. येथे दलित वाचकाने थांबून विचार केला पाहिजे. मुंबई इलाख्यात १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षण स्थानिक संस्थांकडे देण्यास आरंभ झाला. त्याला सुधारणा म्हटले गेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २९ मे १९२८ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन आयोगाला जे निवेदन दिले, त्यात त्यांनी या हस्तांतराला विरोध केला. शाळा स्कूल बोर्डांच्या हाती देणे थांबले नाही तर अस्पृश्यांच्या शिक्षणाची पीछेहाट होईल, असे त्यांचे म्हणणे होते. कारण उघड होते. ज्या गावात पाणवठा बंद, त्याच गावातील प्रतिष्ठितांच्या हाती शाळेची किल्ली देणे म्हणजे लोकशाही, हे त्यांना मान्य होणे शक्यच नव्हते.

मग स्थानिक कारभार सर्वथा त्याज्य काय? तसेही नाही. १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या ओशन हिल-ब्राउन्सव्हिल भागात काळ्या व पोर्तोरिकन पालकांनी शाळांवर स्थानिक ताबा मागितला आणि त्यासाठी शहरातील शिक्षकांच्या संघटनेशी झगडा घेतला. त्या वस्तीत ते बहुसंख्य होते. त्यांच्यावर राज्य करणारे बाहेरचे होते. पण ताबा पुरेसा नसतो, हेही अमेरिकेनेच दाखवले. तेथील शाळा-जिल्हे स्वतःचे मंडळ निवडतात आणि मालमत्ता करावर चालतात. टेक्सासमधील एजवूड या बहुसंख्य मेक्सिकन वस्तीच्या जिल्ह्यात पालक जास्त दराने कर देत आणि तरी त्यांच्या शाळा गरीबच राहत, कारण घरेच कमी किमतीची होती. १९७३ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी त्यांची दाद फेटाळली. टेक्सासच्याच सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत राज्याच्या घटनेविरुद्ध ठरवायला १९८९ उजाडले. तेव्हा दोन गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात : समितीत कोण बसतो आणि तिजोरी कोणाच्या हाती आहे.

या दोन कसोट्यांवर आपला कायदा वाचू. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा वाङ्मय म्हणून वाचण्यासारखा आहे. पहिल्या कसोटीवर तो चांगला उतरतो. विनाअनुदानित सोडून प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती हवी, तीत तीन-चतुर्थांश पालक, निम्म्या स्त्रिया आणि वंचित व दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. १९२८ मध्ये जे नव्हते ते येथे कागदावर आहे, आणि त्याचे मोल मी कमी लेखत नाही. पण समितीने करायच्या कामांची क्रियापदे पाहा. समितीने कामकाजावर ‘देखरेख’ ठेवायची, अनुदानाच्या वापरावर ‘देखरेख’ ठेवायची, विकास आराखडा करून त्याची ‘शिफारस’ करायची. हा आराखडा शासनाच्या व स्थानिक संस्थेच्या अनुदानाचा ‘आधार’ असेल, असे कलम २२ सांगते. आधार घेतला नाही तर काय, हे कलम सांगत नाही. नेमणूक, बदली, मंजुरी ही क्रियापदे दुसऱ्यांच्या वाट्याला गेली आहेत.

एका शाळेत समितीच्या अध्यक्ष म्हणून धुणीभांडी करणाऱ्या बाईंचे नाव होते. सभेची वही त्यांच्या दारी आली. “ताई, इथं सही करा.” त्यांनी मजकूर वाचून दाखवा म्हटले, तर उत्तर मिळाले, “वरून आलंय, सगळ्यांनी केलीय.” त्या बाईंना अक्षर येत होते, त्यांना वेळ दिला गेला नाही. बैठक दुपारी ठेवायची आणि मजूर पालक येत नाहीत म्हणून हळहळायचे, ही रीत कोणाच्या सोयीची आहे?

‘वरून’ म्हणजे तरी कुठून? १९४७ च्या प्राथमिक शिक्षण अधिनियमाखाली नगरांत शिक्षण मंडळे होती. त्यांतील खरेदी आणि बदल्यांचे राजकारण सर्वांना माहीत होते. २०१३ मध्ये ती मोडण्याचा कायदा झाला. त्यांच्या जागी आले आयुक्तांचे प्रशासन. पुढे मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि २०२३, २०२४ ही पूर्ण वर्षे अंदाजपत्रक एका प्रशासकाच्या सहीने मंजूर झाले. भ्रष्ट मंडळ गेले हे ठीक. पण ज्याला जाब विचारता येईल असा निवडून आलेला माणूसही या काळात उरला नव्हता.

याची किंमत कोण देतो? फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखली-कुदळवाडीतील हजारो पत्राशेड महापालिकेने पाडली. भंगार वेचणारे, वर्कशॉपात काम करणारे परप्रांतीय आणि मराठवाड्याकडचे मजूर भर शाळेच्या दिवसांत पांगले. शेड अनधिकृत होती की नव्हती, हा वाद वेगळा. शिक्षण हक्क कायद्याचे कलम ९ याच स्थानिक संस्थेवर दोन कर्तव्ये टाकते : हद्दीतील चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवणे आणि स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणे. जी सत्ता घर पाडते तीच शाळा देण्यास बांधलेली आहे. पाडकामाच्या आदेशासोबत मुलांची यादी का नसावी?

कार्यकर्त्यांनी आता समितीच्या सदस्यत्वावर समाधान मानू नये. आराखडा नाकारला तर महापालिकेने लेखी कारणे द्यावीत, प्रत्येक शाळेचा जमाखर्च शाळेच्या भिंतीवर मराठीत लागावा, सभा कामगारांच्या सुट्टीच्या दिवशी व्हावी, आणि अनुदानाचे माप वस्तीच्या गरजेवरून ठरावे, या मागण्या घेऊन प्रत्येक समितीत गेले पाहिजे. विद्यार्थ्यांनी व शिक्षकांनी पालकांना अंदाजपत्रक वाचायला शिकवावे. चिखलीत हे काम येत्या आराखड्यापासून सुरू करता येईल.