दैत्यांचे पुनरुत्थान आणि नववा अवतार

हेवी मेटल ह्या संगीताविषयी आपल्या नियतकालिकांतून काही लिहून आल्याचे माझ्या वाचनात नाही. श्रीमंतांच्या पोरांचे थेर, एवढ्यावर आपण विषय मिटवतो. पण बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करून सकाळी माझ्या वर्गात डोळे चोळत बसणारी मुलेही मोबाइलवर हेच ऐकतात. जे आमची मुले ऐकतात त्याची चिकित्सा आम्ही नाही करायची तर कोणी करायची? म्हणून साहिल मखीजा ह्या मुंबईच्या गिटारवादक, गायक आणि ध्वनिमुद्रण-निर्मात्याच्या कारकिर्दीविषयी हे टिपण.

आधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हे संगीत जन्माने अभिजनांचे नाही. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा टोनी आयॉमी हा पोरगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. १९६५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी यंत्राखाली त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, हलक्या तारा लावल्या, पुढे त्या सैल सोडून खालच्या सुरात लावल्या. १९७० साली त्याच्या 'ब्लॅक सॅबथ' ह्या बँडचा पहिला अल्बम आला आणि त्या जड आवाजाचे घराणे सुरू झाले. सगळा आवाज त्या एका अपघातातून आला असे म्हणणे भाबडेपणाचे होईल, पण कारखान्याचे गाव त्या आवाजात आहे हे कोणीही कबूल करील. माझ्या थोरल्या चुलत्यांच्या बोटांची दोन पेरे इथल्याच एका प्रेसशॉपमध्ये गेली. कंत्राटदाराने हजेरीवरून नाव काढले. ते भीमगीतांच्या पार्टीत ढोलकी वाजवीत. ती खुंटीला लागली ती लागलीच. बर्मिंगहॅमच्या पोराला बोटांसाठी टोपणे करायला उसंत मिळाली, एवढाच काय तो फरक, पण तो साधा नाही.

मुंबईत मात्र हे संगीत कामगार वस्तीतून आले नाही. ते कॅसेटींतून आणि इंग्रजी माध्यमाच्या महाविद्यालयांतून आले. धोबीतलावच्या रंगभवनात १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक'चे जलसे होऊ लागले. पण बँडने परदेशी गाणी हुबेहूब वाजवावीत, हीच श्रोत्यांची मागणी असे. अशा वातावरणात मखीजाने २००० साली 'डेमॉनिक रिझरेक्शन' हा बँड काढला आणि स्वतःची गाणी वाजवण्याचा हट्ट धरला. 'अ डार्कनेस डिसेंड्स' (२००५), 'द रिटर्न टू डार्कनेस' (२०१०), 'द डेमन किंग' (२०१४) असे त्यांचे अल्बम आले. २०१० साली नॉर्वेच्या 'इन्फर्नो' महोत्सवात आणि २०१४ साली जर्मनीतल्या वाकेनला हा बँड वाजला.

मला त्यातले अधिक मोलाचे वाटते ते दुसरेच. मोठ्या कंपन्या विचारीत नाहीत म्हटल्यावर ह्या माणसाने स्वतःचा स्टुडिओ केला, 'डेमनस्टीलर रेकॉर्ड्स' हे लेबल काढले, दुसऱ्या बँडांचे ध्वनिमुद्रण केले, त्यांचे अल्बम काढले, कार्यक्रम स्वतःच भरवले. साठोत्तरी अनियतकालिकांनी छापखान्याच्या बाबतीत जे केले ते त्याने ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत केले. ह्या धंद्यावर पोट भरत नाही. तो यूट्यूबवर 'हेडबँगर्स किचन' नावाचा स्वयंपाकाचा कार्यक्रमही करतो. वामनदादा कर्डकांनी (१९२२–२००४) आयुष्यभर गावोगाव गाऊन हजारो गीते दिली, पण कॅसेटचा व्यापार आणि त्याची गल्ल्याची पेटी बहुधा दुसऱ्यांच्याच हाती राहिली. उत्पादनाचे साधन हाती असणे म्हणजे काय, हे आपल्या तरुण शाहिरांनी ह्या माणसाकडून जरूर शिकावे. अर्थात स्टुडिओ उभारायला आधी घरात एक रिकामी खोली असावी लागते.

आता मुख्य प्रश्न. 'डेमॉनिक रिझरेक्शन' म्हणजे दैत्यांचे पुनरुत्थान. नाव पाश्चात्त्य भूतप्रेतांच्या हौसेतून आले असेल, पण महाराष्ट्रात ह्या शब्दांना दुसरा इतिहास आहे. १८७३ साली 'गुलामगिरी'त जोतीरावांनी एकेक अवतार घेऊन पुराणे उलटी केली. मत्स्य आणि कच्छ म्हणजे बाहेरून चाल करून आलेल्या टोळ्यांचे पुढारी, नरसिंह म्हणजे कपटाने केलेला खून, वामन म्हणजे बळीचे राज्य बुडवणारा, परशुराम म्हणजे महाअरींचा, आमच्याच पूर्वजांचा, छळ करणारा, असा तो अर्थ. ज्यांना दैत्य म्हटले ते इथले धनी. आमच्या आया भाऊबीजेला ओवाळताना बळीचे राज्य परत मागतात तेव्हा त्या दुसरे काय मागतात? दैत्यांचे पुनरुत्थानच मागतात.

आणि त्याच नावाचा बँड २०१७ साली 'दशावतार' नावाचा अल्बम काढतो. दहा गाणी, दहा अवतार, पोथीतल्या क्रमाने. घशातून ओरबाडून काढलेला घोगरा आवाज, मध्येच स्वच्छ गायलेले सूर, पायाखाली दुहेरी ड्रमची धडधड, वर कीबोर्डचा पसारा. कारागिरीत मी खोट काढणार नाही. बँड कसलेला आहे. पण पुराणकार ज्याला राक्षसाचा आवाज म्हणतील त्या आवाजाला जेत्यांची वंशावळ गायला लावली आहे. हा आवाज वामनाच्या पायाखालून यायला हवा होता. ह्या गायकीत शब्द कानाला नीट लागत नाहीत, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या हाती उरतात ती नावे आणि त्यांचा क्रम. त्या क्रमात नवव्या जागी बुद्ध आहे.

इथे आक्षेप घेतला जाईल की युरोपातले बँड ओडिन-थॉरच्या कथा घेतात, ह्याने इथल्या घेतल्या. ही भक्ती नव्हे, केवळ कथावस्तू आहे. मखीजा भाविक म्हणून हे करतो असे माझेही म्हणणे नाही. परंतु ओडिनच्या नावाने आज कोणाला पाणवठ्यावरून हाकलले जात नाही. ज्या कथेची सत्ता अजून संपलेली नाही ती केवळ कथावस्तू कशी होईल? १९८७-८८ मध्ये बाबासाहेबांच्या 'रिडल्स'मधल्या राम-कृष्णावरील परिशिष्टावरून ह्याच महाराष्ट्रात काय रण माजले ते ज्येष्ठ वाचकांना आठवत असेल. त्याच २०१७ साली चेन्नईत पा. रंजित यांच्या पुढाकाराने 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' उभे राहिले. त्यांनीही गिटार आणि ड्रमच घेतले, पण वस्तीतल्या गाना गायकांना मध्यभागी उभे केले. वाद्य विदेशी असल्याने काही बिघडत नाही, हे त्यावरून दिसते.

ह्या कारकिर्दीचा पुढचा टप्पा मला म्हणूनच विचार करायला लावतो. 'डेमनस्टीलर' ह्या नावाने मखीजाने २०२३ साली 'द प्रोपगंडा मशीन' हा अल्बम काढला. विषय उघड राजकीय आहे: द्वेष पसरवणारी प्रचारयंत्रणा. आजच्या काळात, ज्या धंद्यात कार्यक्रम एका फोनवर रद्द होतात तिथे, हे करायला हिंमत लागते आणि ती मी मानतो. पण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो माणसांनी ज्या बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्यांतली पाचवी बुद्धाला विष्णूचा अवतार मानायला नकार देते आणि त्या समजुतीला खोटा प्रचार म्हणते. शब्द प्रचार हाच आहे. सहा वर्षांच्या अंतराने आलेले हे दोन अल्बम एकामागोमाग ऐकावेत, आणि दुसरा ज्याच्यावर तुटून पडतो त्याचा एक जुना, चांगला चालणारा भाग पहिल्यात नवव्या क्रमांकावर ऐकावा.